अब्रूचा हिशेब

"स्वतःला हक्क हवे होते तेव्हा रस्त्यावर उतरले, दुसऱ्याची वेळ आली तेव्हा बायबल काढून बसले." अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांबद्दलचं हे वाक्य मी थोड्याफार फरकाने इतक्यांदा ऐकलंय की आता बोलणाऱ्याचा चेहरा पाहूनच ते येणार हे कळतं. बोलणारा बहुधा उदारमतवादी असतो. गोरा असतो, किंवा आपल्यातलाच, तिकडे स्थिरावलेला. त्याच्या सुरात एक बारीकसं समाधानही असतं: बघा, पीडितसुद्धा शेवटी तसलेच निघाले. समोरून दुसरं वाक्य तयार असतं. ते एखाद्या कृष्णवर्णीय पाद्र्याचं असतं, किंवा रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर भेटणाऱ्या कुणा वडीलधाऱ्याचं: "आमचे पूर्वज साखळदंडात आले. गोऱ्यांच्या चोचल्यांची आमच्या लढ्याशी बरोबरी करू नका." गेली पंधरा-वीस वर्षं वाद या दोन वाक्यांमध्ये टोलवला जातोय. दोन्ही बाजूंना तो फार नैतिक वाटतो. मला तो दोन्हीकडून आळशी वाटतो.

आळशी अशासाठी, की एक गोष्ट दोघांनीही न तपासता धरून चालली आहे. काळे एका बाजूला, समलिंगी दुसऱ्या बाजूला, आणि प्रश्न एवढाच की पहिल्यांनी दुसऱ्यांना पाठिंबा द्यायचा की नाही. मग जो माणूस काळाही आहे आणि समलिंगीही, त्याने या बैठकीत बसायचं कुठे? माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. कृष्णवर्णीय समाज हा काही खास, जगावेगळा समलिंगीद्वेष्टा आहे, हा आरोप आकड्यांवर टिकत नाही आणि इतिहासावर तर त्याहून टिकत नाही. पण त्या समाजाच्या पुढाऱ्यांनी आणि चर्चने आपलीच माणसं अब्रूची किंमत म्हणून मोजली, हे खरं आहे. ती मोजून पदरात काय पडलं, हे मात्र कुणी विचारत नाही.

आधी आरोपाकडे. ४ नोव्हेंबर २००८. ओबामा निवडून आले त्याच रात्री कॅलिफोर्नियात 'प्रपोझिशन ८' मंजूर झालं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मे महिन्यात दिलेला समलिंगी विवाहाचा हक्क मतपेटीतून काढून घेतला गेला. एक्झिट पोलमध्ये दिसलं की कृष्णवर्णीय मतदारांपैकी ७० टक्क्यांनी बंदीला मत दिलंय. झालं, आरोपी सापडला. ओबामांसाठी रांगा लावून आले आणि जाताजाता आमची लग्नं मोडून गेले, असा बोभाटा सुरू झाला. लॉस एंजेलिसमधल्या निषेध मोर्चांत कृष्णवर्णीयांना वर्णावरून शिव्या ऐकाव्या लागल्याच्या तक्रारी आल्या. त्या ऐकणाऱ्यांत निषेधालाच आलेले समलिंगी लोकही होते.

आता जरा पाटी-पेन्सिल घेऊ. एकूण मतं सुमारे १ कोटी ३४ लाख. बंदी जिंकली ती जवळपास ६ लाखांच्या फरकाने. त्याच एक्झिट पोलप्रमाणे मतदारांत कृष्णवर्णीय होते १० टक्के, म्हणजे १३ लाख ४० हजार. त्यांतले ७० टक्के बंदीच्या बाजूने, ३० टक्के विरुद्ध. फरक ४० टक्क्यांचा, म्हणजे ५ लाख ३६ हजार मतांचा. आरोप करणाऱ्यांचेच आकडे जसेच्या तसे धरले आणि त्या दिवशी एकही कृष्णवर्णीय माणूस मतदानाला घराबाहेर पडला नाही असं मानलं, तरी बंदी मंजूर होतेच! पुढे जानेवारी २००९ मध्ये पॅट्रिक एगन आणि केनेथ शेरिल या राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी मतदारसंघनिहाय आकडे तपासून दाखवलं की ७० ही संख्याच फुगलेली होती. खरं प्रमाण ६० टक्क्यांच्या आतलं होतं. नियमित चर्चला जाणं हा घटक बाजूला काढला की वर्णाचा फरक जवळपास विरून जात होता. पण तोवर दंतकथा रुजली होती. बंदीच्या मोहिमेत मॉर्मन चर्चच्या अनुयायांनी ओतलेला पैसा, उपनगरांतले लाखो गोरे मतदार, बंदीविरोधी मोहिमेचं कृष्णवर्णीय वस्त्यांकडे झालेलं दुर्लक्ष, यांतलं काहीच त्या दंतकथेत मावत नव्हतं.

ही दंतकथा आपोआप रुजली नाही, तिला खतपाणी घालणारेही होते. 'नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर मॅरेज' ही समलिंगी विवाहाच्या विरोधातली संघटना. तिची अंतर्गत टिपणं मेन राज्यातल्या एका खटल्यामुळे मार्च २०१२ मध्ये उघडी पडली. त्यांत हेतू स्वच्छ लिहिला होता: समलिंगी आणि कृष्णवर्णीय हे डेमोक्रॅटिक पक्षाचे दोन मोठे आधार आहेत, त्यांच्यात पाचर मारायची. या विवाहांना विरोध करणारे कृष्णवर्णीय प्रवक्ते शोधून पुढे करायचे आणि समलिंगी हक्कवाल्यांना असं डिवचायचं की त्यांनी या प्रवक्त्यांना धर्मांध म्हणावं. पुढचं काम मग ज्याचं तोच करतो. "काळेच असे" म्हणणाऱ्या उदारमतवाद्याला आपण कुणाच्या टिपणातली भूमिका वठवतोय याची कल्पनाही नसते.

इथवर आरोप खोडणं सोपं होतं. पण मी वकिली करायला बसलेलो नाही, तेव्हा विरुद्ध बाजूचं जे वजनदार आहे ते कबूल करतो. फरक आहे. प्यू रिसर्च सेंटरच्या पाहण्यांत २०१९ मध्ये समलिंगी विवाहाला पाठिंबा देणारे गोरे होते ६२ टक्के, कृष्णवर्णीय ५१ टक्के. हे अंतर काल्पनिक नाही. पण त्याच मालिकेत २००१ चे आकडे आहेत ३४ आणि ३२. म्हणजे सुरुवातीला दोघेही जवळपास सारखेच विरोधात होते. गोरे नंतर भराभर बदलले, कृष्णवर्णीय सावकाश. आणि 'गोरे' म्हणजे तरी कोण? २०१७ च्या पाहणीत गोऱ्या इव्हँजेलिकल ख्रिश्चनांमध्ये पाठिंबा होता ३५ टक्के, कृष्णवर्णीय प्रोटेस्टंटांमध्ये ४४. चर्चवाल्याची तुलना चर्चवाल्याशी केली तर चित्र असं उलटतं.

त्याहून बोलका आहे ग्रेगरी लुईस या अभ्यासकाचा २००३ चा निष्कर्ष. १९७३ पासूनच्या ३१ पाहण्या एकत्र करून त्यांनी दाखवलं की समलिंगी संबंध नैतिकदृष्ट्या चूक आहेत असं म्हणणारे कृष्णवर्णीयांत जास्त, पण समलिंगी माणसाला नोकरीत भेदभाव सोसावा लागू नये, त्याविरुद्ध कायदा हवा, असं म्हणणारेही कृष्णवर्णीयांतच जास्त. मला या विसंगतीत त्या समाजाचा सगळा स्वभाव दिसतो. तू करतोस ते मला पटत नाही, पण त्यासाठी तुला कामावरून काढणार असतील तर ते मी चालू देणार नाही. गोऱ्या उदारमतवाद्याला हे ढोंग वाटतं. ज्याच्या बापाला रंगावरून कामावरून काढलं होतं, त्याला ते रोखठोक अनुभवातून आलेलं वाटेल.

दुसरी कबुली चर्चबद्दल. अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या मालकीची, त्यांनी स्वतः चालवलेली अशी एकच मोठी संस्था दीर्घकाळ होती, ती म्हणजे चर्च. शाळा तिथे भरली, पतपेढी तिथून निघाली, मतदार नोंदणीचे अर्ज तिथेच भरले गेले. १५ सप्टेंबर १९६३ ला बर्मिंगहॅमच्या सिक्स्टीन्थ स्ट्रीट चर्चमध्ये बॉम्ब ठेवून चार मुलींना मारलं गेलं ते त्या इमारतीला देवघर समजून नव्हे. चळवळीची पेढी तिथे होती म्हणून. अशा चर्चचा शब्द मोडणं म्हणजे घर सोडणं. आणि विवाह? गुलामांच्या लग्नाला कायद्यात जागाच नव्हती. 'मृत्यू किंवा अंतर तुम्हाला वेगळं करेपर्यंत' अशी शपथ दिली जाई, कारण मालक नवऱ्याला दुसऱ्या राज्यात विकणार हे पाद्र्यालाही ठाऊक असायचं. यादवी युद्धानंतर मुक्त झालेली माणसं, एकमेकांसोबत पंचवीस-तीस वर्षं काढलेली, रांगा लावून लग्नाची नोंद करायला गेली. ज्यांच्यासाठी विवाह हा माणूस असल्याचा दाखला होता, त्यांना त्याच्या व्याख्येला हात लागताना धसका बसला, तर तो निव्वळ द्वेष म्हणून मोडीत काढणं मला जमत नाही.

तिसरी कबुली देहाबद्दलची आहे. काळा पुरुष म्हणजे बेलगाम वासना, काळी बाई म्हणजे कुणालाही उपलब्ध, ही गोऱ्या अमेरिकेने रचलेली बदनामी. झुंडीने माणसं झाडाला टांगली ती याच बदनामीच्या नावाखाली. १९५५ मध्ये चौदा वर्षांच्या एमेट टिलला मारलं ते दुकानातल्या गोऱ्या बाईशी तो आगाऊपणे वागला म्हणून. अशा समाजाने आपली मुलं कडक इस्त्रीची, आपल्या बायका सोवळ्या आणि आपली घरं डागविरहित दाखवायची धडपड केली, यात नवल काय? अब्रू हा तिथे चोचला नव्हता. जीव वाचवायची ढाल होती. ही ढाल किती निष्ठुर असू शकते तेही पाहा. रोझा पार्क्स यांच्या नऊ महिने आधी, मार्च १९५५ मध्ये, माँटगोमेरीतच क्लॉडेट कॉल्व्हिन या पंधरा वर्षांच्या मुलीने बसमधली जागा सोडायला नकार दिला होता. पुढाऱ्यांनी तिला चळवळीचा चेहरा केलं नाही. गरीब घरची, तापट, आणि लवकरच कळलं की गरोदर. चेहरा हवा होता रोझा पार्क्स यांचा.

इथे माझी कबुली संपते आणि प्रश्न सुरू होतो. या ढालीने वार अडवले का?

कृष्णवर्णीयांच्या हक्कचळवळीचे संघटक बेयार्ड रस्टिन यांची गोष्ट मी विस्ताराने सांगतो, कारण या प्रश्नाचं उत्तर तिच्यात दोनदा, दोन उलट्या प्रकारांनी मिळतं. जन्म १९१२, पेन्सिल्व्हेनियातलं वेस्ट चेस्टर. क्वेकर या शांततावादी ख्रिश्चन पंथातल्या आजीने वाढवलेला मुलगा. दुसऱ्या महायुद्धात शस्त्र धरायला नकार दिला म्हणून तुरुंगात. १९४८ मध्ये, गांधीहत्येनंतर, भारतात येऊन गांधींच्या अनुयायांबरोबर काही आठवडे राहून गेलेले. १९५३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पॅसडीना इथे दोन पुरुषांबरोबर सापडले आणि 'अश्लील वर्तना'च्या कलमाखाली पुन्हा तुरुंगात. आपण समलिंगी आहोत हे त्यांनी लपवलं नव्हतंच. आता ते पोलिसांच्या दप्तरात गेलं. १९५६ मध्ये माँटगोमेरीत ते मार्टिन ल्यूथर किंग यांच्याकडे पोचले तेव्हा किंग यांच्या घरात रखवालीला बंदुका होत्या, बैठकीतल्या खुर्चीवर पिस्तूल पडलेलं होतं. अहिंसा ही सभेपुरती युक्ती नसून जगायची शिस्त आहे, हे सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या त्या तरुण पाद्र्याला बसून समजावणाऱ्यांत रस्टिन अग्रणी होते.

१९६० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनाबाहेर किंग यांनी निदर्शनं ठरवली. न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीचे काँग्रेस सदस्य ॲडम क्लेटन पॉवेल धाकटे, स्वतः कृष्णवर्णीय, यांना ती नको होती. त्यांनी निरोप पाठवला: मागे हटला नाहीत तर किंग आणि रस्टिन यांचे संबंध आहेत असं मी सांगत सुटेन. धादांत खोटं होतं, पण अब्रूच्या बाजारात खोट्याची नाणीही चालतात. रस्टिन यांनी राजीनामा दिला आणि किंग यांनी तो घेतला. कृष्णवर्णीय लेखक जेम्स बाल्डविन यांनी लवकरच लिहिलं की यामुळे तरुणांच्या नजरेत किंग यांची नैतिक पत घसरली. या घराण्याची एक गंमत सांगायची राहिली. याच पॉवेल यांचे वडील, थोरले ॲडम क्लेटन पॉवेल, हार्लेमच्या ॲबिसिनियन बॅप्टिस्ट चर्चचे पाद्री. १९२९ मध्ये त्यांनी व्यासपीठावरून समलिंगी संबंधांविरुद्ध प्रवचनांची मोहीम उघडली होती. 'हा गोऱ्यांचा रोग' म्हणणाऱ्यांनी हे साल लक्षात ठेवावं. ज्या हार्लेममध्ये काउंटी कलनसारख्या समलिंगी कवीचं नाव गाजत होतं, ग्लॅडिस बेंटली पांढरा टक्सीडो आणि टॉप हॅट घालून रात्रभर पियानो बडवत गात होती, हॅमिल्टन लॉजच्या नाचाला बायकांच्या पोशाखातले पुरुष बघायला हजारोंची गर्दी लोटत होती, तिथेच ती प्रवचनं झाली. बाहेरून आलेल्या रोगाविरुद्ध इतकी तळमळीने कुणी बोलत नाही. माणसं त्याच गल्लीतली होती, बहुधा त्याच चर्चच्या गायनवृंदातलीही. त्या वृंदात कोण आहे हे सगळ्यांना माहीत असणं आणि कुणीच न बोलणं, ही रीत पुढेही कितीतरी चर्चमध्ये टिकली.

मग आलं १९६३. नागरी हक्कांसाठीचा वॉशिंग्टनचा मोर्चा. रस्टिन यांना प्रमुख करायला एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या जुन्या हक्कसंघटनेच्या रॉय विल्किन्स यांचा विरोध होता: जुनी प्रकरणं निघतील, मोर्चा बुडेल. ए. फिलिप रँडॉल्फ या ज्येष्ठ कामगार पुढाऱ्याने तोडगा काढला. प्रमुख मी होतो, म्हणाले, आणि माझा सहायक मी नेमतो. नेमला रस्टिन यांना. दोन महिन्यांहून कमी वेळात अडीच लाख माणसांची व्यवस्था उभी राहिली. बसगाड्या, तात्पुरते संडास, ध्वनियंत्रणा, इतकंच काय, उन्हात मेयोनेज नासेल तेव्हा सँडविच पीनट बटरचं आणा, इथपर्यंतच्या सूचना. भीती होती ती खरीही ठरली. ऑगस्टच्या मध्यावर सिनेटर स्ट्रॉम थर्मंड यांनी सिनेटमध्ये उभं राहून रस्टिन यांचं पॅसडीनाचं प्रकरण वाचून दाखवलं आणि कामकाजाच्या दप्तरात घातलं. वर्णद्वेष्ट्यांचे मेरुमणी थर्मंड नीतीवर बोलत होते. त्यांना स्वतःला घरकामाला असलेल्या एका किशोरवयीन कृष्णवर्णीय मुलीपासून झालेली मुलगी होती, हे जगाला त्यांच्या मृत्यूनंतर, २००३ मध्ये कळलं.

या वेळी कुणी राजीनामा मागितला नाही. रँडॉल्फ यांनी पत्रकारांसमोर रस्टिन यांच्यावर पूर्ण विश्वास व्यक्त केला, बाकीचे पुढारी त्यांच्यामागे उभे राहिले. मग आभाळ कोसळलं का? २८ ऑगस्टला मोर्चा निघाला, शांततेत पार पडला, आणि आठवड्याभराने 'लाइफ' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर दोन चेहरे होते: रँडॉल्फ आणि रस्टिन. १९६० मध्ये किंमत मोजली आणि मिळाली फक्त पॉवेल यांची मर्जी. १९६३ मध्ये मोजायला नकार दिला आणि वॉशिंग्टनने तोवर पाहिलेला सगळ्यात मोठा मोर्चा उभा राहिला. अब्रूच्या राजकारणाचं समर्थन करणाऱ्यांनी ही दोन सालं शेजारी शेजारी ठेवून मला समजावून द्यावं. विरोधकाने चिखल फेकायचं ठरवलं असेल तर तुम्ही धुतलेले कपडे घालून आलात काय किंवा न घालता काय, चिखल येणारच आहे. शेजारी कोण उभं राहतं एवढंच आपल्या हातात असतं.

तरीही तुलनेचा मुद्दा उरतो आणि तो मला सगळ्यात गंभीर वाटतो. कृष्णवर्णीय सेनानी जनरल कॉलिन पॉवेल (हार्लेमच्या पॉवेल घराण्यातले नव्हेत) यांनी लष्करातल्या समलिंगींच्या वादात म्हटलं होतं की कातडीचा रंग हा वर्तनाशी संबंध नसलेला गुण आहे, लैंगिकता ही मुळातच वर्तनाची बाब आहे. लोकांच्या भाषेत सांगायचं तर: त्यांना लपवता येतं, आम्हाला येत नाही. २००८ च्या निकालानंतर 'ॲडव्होकेट' या समलिंगी मासिकाने मुखपृष्ठावर 'गे इज द न्यू ब्लॅक' अशी घोषणा छापली तेव्हा संतापलेल्या कृष्णवर्णीय वाचकांची बाजू मला शंभर टक्के पटते. 'नवे काळे' म्हणजे जुन्यांचं काम आटोपलं, असंच ना? कुठल्याही गोऱ्या समलिंगी माणसाचा पणजोबा लिलावात विकला गेला नव्हता. दुःखांची बरोबरी होत नाही आणि ती मागणंही अभद्र आहे.

पण 'लपवता येतं' हा युक्तिवाद कृष्णवर्णीयांनी करावा याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं, कारण लपवण्याची किंमत त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक नाही. 'पासिंग' हा शब्द त्यांच्याच घराघरांतला. उजळ कातडीची मुलगी शहरात जाऊन गोरी म्हणून राहायला लागायची. नोकरी मिळायची, घर मिळायचं. मोबदल्यात आईला रस्त्यात ओळख दाखवायची नाही, भावाला दारात उभं करायचं नाही, बापाच्या अंत्यविधीला जायचं नाही, आणि बाळंतपणात मुलाचा रंग कसा निघतो या धास्तीत नऊ महिने काढायचे. त्या मुलीला कुणी म्हणेल का की तुला लपवता येत होतं, तेव्हा तुझ्यावर अन्याय झालाच नाही? लपवता येणं ही जर सवलत असेल तर ती अशी सवलत आहे. तुलना लागू पडते ती इथे, आणि आणखी एका ठिकाणी: माणसाने कुणाशी लग्न करावं हे सरकारने ठरवावं का. व्हर्जिनियात गोऱ्या रिचर्डशी लग्न केलं म्हणून जिला मध्यरात्री अंथरुणातून उठवून पोलिसांनी नेलं होतं, त्या मिल्ड्रेड लव्हिंग यांच्या खटल्याने १९६७ मध्ये आंतरवर्णीय विवाहबंदी रद्द झाली. निकालाच्या चाळिसाव्या वर्षी, जून २००७ मध्ये, त्यांनी निवेदन काढून सांगितलं की वर्ण कुठलाही असो, लैंगिकता कुठलीही असो, लग्नाचा हक्क सगळ्यांना हवा. तुलना करायचा अधिकार कुणाला असेल तर तो या बाईंना होता, आणि त्यांनी ती केली.

बायबलचं काय, या प्रश्नाला उत्तरही त्याच परंपरेत आहे. हॉवर्ड थर्मन हे विसाव्या शतकातले थोर कृष्णवर्णीय धर्मचिंतक. त्यांची आजी गुलामीत जन्मलेली, निरक्षर. नातू तिला बायबल वाचून दाखवायचा, पण त्यातली पॉल या प्रेषिताची पत्रं ती वाचू द्यायची नाही. मोठेपणी त्याने कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली की मालकाचा पाद्री गुलामांना नेहमी पॉलचंच वचन ऐकवायचा: दासांनो, धन्याच्या आज्ञेत राहा. स्वतंत्र झाले तर बायबलचा तो भाग पुन्हा वाचणार नाही, असं तिने ठरवलं होतं. समलिंगी संबंधांविरुद्ध जी वचनं उद्धृत होतात त्यांतली सगळ्यात गाजलेली याच पॉलची आहेत. ज्या चर्चच्या आज्यांना पॉलची पानं मिटून देवावर श्रद्धा ठेवता आली, त्यांच्या नातवंडांना तेच दुसऱ्या पानांबाबत का जमू नये? सगळं बायबल अक्षरशः पाळायचं तर मग दास्याचंही पाळा.

हा वाद बाहेरून कुणी लादलेला नाही, तो घरातला आहे, आणि किंग यांच्या घरात तर अगदी शब्दशः. त्यांच्या पत्नी कोरेटा स्कॉट किंग १९९८ पासून उघड सांगत होत्या की समलिंगीद्वेष आणि वर्णद्वेष एकाच जातकुळीचे. त्यांची मुलगी बर्निस डिसेंबर २००४ मध्ये बिशप एडी लाँग यांच्याबरोबर अटलांटात मोर्चात चालली. वडिलांच्या समाधीजवळून निघालेल्या त्या मोर्चाची एक मागणी होती समलिंगी विवाहबंदी. २००६ मध्ये कोरेटा गेल्या आणि त्यांचा अंत्यविधी झाला लाँग यांच्याच चर्चमध्ये. ज्युलियन बाँड, तेव्हाचे एनएएसीपीचे अध्यक्ष आणि किंग कुटुंबाचे जुने सोबती, गेले नाहीत. त्या चर्चमधून निरोप घ्यायचं कोरेटांना आवडलं असतं असं मला वाटत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे मे २०१२ मध्ये ओबामांनी भूमिका बदलली, दहा दिवसांत एनएएसीपीच्या कार्यकारिणीने विवाहसमानतेचा ठराव केला, आणि त्याच नोव्हेंबरात जवळपास तीस टक्के कृष्णवर्णीय लोकसंख्येच्या मेरीलँडने मतपेटीतून समलिंगी विवाह मंजूर केला.

गप्प बसण्याची किंमत कुठे मोजली गेली ते मात्र दवाखान्यांत दिसतं. लोकसंख्येत सुमारे १३ टक्के असलेल्या कृष्णवर्णीयांचं प्रमाण एचआयव्हीच्या नव्या निदानांत ४० टक्क्यांच्या आसपास आहे. २०१६ मध्ये सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने अंदाज दिला की तेव्हाचा वेग टिकला तर दर दोन कृष्णवर्णीय समलिंगी वा उभयलिंगी पुरुषांपैकी एकाला आयुष्यात कधीतरी हे निदान ऐकावं लागेल. याला गरिबी आहे, विमा नसणं आहे, १९३२ ते १९७२ चाललेल्या टस्कीगीच्या सिफिलिस प्रयोगाने, म्हणजे कृष्णवर्णीय रुग्णांना मुद्दाम उपचाराविना ठेवून केलेल्या अभ्यासाने, डॉक्टरांवरचा उडवलेला विश्वास आहे. आणि अंत्यविधीत 'दीर्घ आजाराने गेला' एवढंच सांगणारं चर्चही आहे.

आपल्याकडच्या वाचकाला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सज्जनांना. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तिने नाव घेतलं ओकलंडच्या ब्लॅक पँथरचं. त्या ब्लॅक पँथरच्या ह्यूई न्यूटन यांनी ऑगस्ट १९७० मध्येच आपल्या कार्यकर्त्यांना बजावलं होतं की समलिंगींविषयी तुमच्या मनात जी असुरक्षितता आहे ती तपासा, त्यांच्या नावाच्या शिव्या शत्रूंना देणं बंद करा, कदाचित समाजात सगळ्यात जास्त दडपलेले तेच असतील. न्यूयॉर्कमधल्या ज्या दंगलीतून समलिंगी चळवळ उसळली त्या स्टोनवॉलच्या दंगलीला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. पँथरचं नाव आणि त्वेष मराठीत आला. या भाषणाची चर्चा मी मराठीत क्वचितच ऐकली. बंदरावर कुठला माल उतरवायचा आणि कुठला जहाजातच ठेवायचा, हे आपणही निवडतच होतो.

रस्टिन यांच्याकडे एकदा परत जातो. आयुष्याची शेवटची दहा वर्षं ते वॉल्टर नेगल या त्यांच्याहून बऱ्याच लहान असलेल्या जोडीदाराबरोबर न्यूयॉर्कमध्ये राहिले. लग्नाचा मार्ग बंद होता. उद्या आपल्याला काही झालं तर इस्पितळात वॉल्टरला आत सोडतील का, घर त्याच्याकडे राहील का, ही काळजी. कायद्यात एकच फट सापडली. १९८२ मध्ये सत्तर वर्षांच्या रस्टिन यांनी तिशी ओलांडलेल्या नेगल यांना दत्तक घेतलं. त्यासाठी नेगल यांच्या आईला मुलावरचा हक्क सोडत असल्याच्या कागदावर सही करावी लागली. मग नियमाप्रमाणे एक समाजसेविका घरी आली, आणि अडीच लाखांचा मोर्चा उभा करणाऱ्या त्या माणसाचं घर मूल वाढवायला योग्य आहे का, हे पाहून गेली.